बाईंनी तपासले

नाही, तो स्क्रू परत बसवा, संचिताबाई. नेटची पेटी उघडायची गरज नाही. बोर्डात दोष नाही, चिपमध्ये नाही, वायरीतही नाही — वायर खोचायची जी दारं आहेत, त्यांतलं चौथं मी बंद केलं आहे. मी, कुमुदिनी परुळेकर, निवृत्त मुख्याध्यापिका. यंदा पंधरा जूनला, सकाळी साडेदहाला, याच खुर्चीवर बसून. लिहून घ्या. तारीख अंदाजाने सांगत नाही. शाळा सुरू होण्याचा तो दिवस, तो मी विसरेन कशी? — थांबा, जरा दम खाऊ द्या मला. त्रेचाळीस पायऱ्या चढून आले आहे. तुम्ही आलात तेव्हा मी खाली वेरोनिकाकडे होते आणि तिथून जेटीवर. म्हणून तुम्हांला तासभर एकटीला शोधत बसावं लागलं, त्याबद्दल क्षमा करा. — आणि असं बघू नका माझ्याकडे. म्हातारीने चुकून काहीतरी दाबलं असेल, असं तुमच्या मनात आलं आहे. ते आधी काढून टाका. चुकून मी काही करत नाही. चुकून झालं असतं तर सांगायला इतकं जड गेलं असतं का? — बसा ना, उभ्याने काय ऐकता? स्टूल घ्या, त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे.

कसं बंद केलं, म्हणता? ते तुम्हांला ठाऊक असायला हवं, या विषयात शिकलेल्या आहात. पण मी सांगते, म्हणजे मी समजून केलं की न समजता, याबद्दल तुमच्या अहवालात शंका राहायला नको. हे यंत्र चालू केलं की सगळ्यांत आधी जागा होतो तो कर्नल — फौजेतला नव्हे, यंत्राच्या आतला मूळ प्रोग्राम. बरोबर? मूळ कारभारी तो. पण कारभारी आंधळा. टेबलावरच्या मोठ्या संगणकात तो आपला आपण विचारपूस करतो — कोण कोण आलं आहे, कुठे बसलं आहे — आणि तिथलं सामानही बहुतेक वेळा आपली ओळख सांगतं. या छोट्या बोर्डांवर तशी सोय नाही. इथे सामान मुकं. म्हणून कोणातरी माणसाने आधी बसून त्याचं वर्णन लिहावं लागतं — अमुक ठिकाणी नेटवर्कची चिप आहे, तिचा पत्ता अमुक, तिला पाच दारं आहेत, पहिलं या नावाचं, दुसरं त्या नावाचं. कर्नल ते वर्णन वाचतो आणि त्याबरहुकूम एकेकाला हाक मारतो. वर्णनात जे नाही ते त्याच्या लेखी नाहीच, मग ते बोर्डावर पक्कं बसवलेलं आणि चांगलं धडधाकट का असेना. मी ओंकारला पहिल्याच दिवशी म्हटलं, अरे, हा तर हजेरीपट! पटावर नाव तर हाक. नाव नसेल तर पहिल्या बाकावर बसलेलं मूल साधं गैरहजरही नसतं — गैरहजर राहायलासुद्धा पटावर नाव लागतं, संचिताबाई. तर त्या पटावर प्रत्येक दारापुढे स्थितीची एक ओळ असते. चौथ्या दारापुढे होतं ‘ओके’. मी ते काढून लिहिलं ‘डिसेबल्ड’. मग ओंकारने शिकवलेली आज्ञा देऊन ते वर्णन यंत्राला कळेल अशा रूपात आणलं, कार्डावर ठेवलं, पेटी बंद करून चालू केली. चार मिनिटं लागली. दाराचा दिवा मात्र लागतोच — तो चिप स्वतः लावते, वायर दिसली की लावते, तिला कर्नलच्या मर्जीची पर्वा नाही — म्हणून जो येतो तो फसतो. दिवा आहे, वायर आहे आणि पलीकडे काही पोचत नाही. तुम्हीही फसलात. वाईट वाटून घेऊ नका, त्यासाठीच ते तसं ठेवलं होतं.

ओंकार माहीत आहे तुम्हांला? — हो, कुडाळला खोली घेऊन या पेट्या बनवतो तो; नाव माहीत आहे, एवढंच तुम्ही म्हणू शकता. माझा विद्यार्थी, पहिली ते चौथी. टाळेबंदीत पुण्याहून घरी आला. मुलांची शाळा फोनवर आणि आमची वाडी टेकडीच्या आडोशाला. इथे कोणाच्याही फोनला रेंज नाही. तेव्हा त्याने टेकडीवर डिश उभारली आणि ही पेटी माझ्याकडे ठेवली, कारण माझ्या घरातून टेकडी दिसते आणि खालची वाडीही दिसते. पाच दारं — एक टेकडीकडे, एक माझ्या घरात, एक रेशनच्या दुकानात, एक चॅपेलच्या हॉलमध्ये, आणि चौथं, म्हणजे शून्यापासून मोजल्यावर चौथं, खालच्या वाडीसाठी. बोर्ड नवा होता, त्याचं वर्णन कोणी लिहिलेलं नव्हतं. ओंकारने लिहिलं. पेटी चालू केली आणि अकरा दिवस कर्नलला चिप सापडेना. अकरा दिवस हा मुलगा या ओटीवर डोकं धरून बसलेला. बाराव्या दिवशी मी म्हटलं, ऊठ, ताडून पाहू. शाळेत आम्ही निकालपत्रकं ताडायचो तसं — एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने बोट ठेवून पाहायचं, आणि वाचणारीने अर्थाचा विचार करायचा नाही, दिसेल ते वाचायचं. त्याचं वर्णन त्याच्या हातात, चिप बनवणाऱ्यांचा कागद माझ्या हातात. तो वाचतो, ‘पत्ता शून्य.’ माझ्या बोटाखाली सात. मी म्हटलं, थांब! — अकरा दिवस कर्नल शून्य क्रमांकाच्या घरी हाका मारत होता आणि चिप बसली होती सातव्या घरात. ‘बाई, माका दिसलांच नाय!’ म्हणून त्याने कपाळावर हात मारून घेतला. आनंद झाला की तो मालवणीत शिरतो. मी त्याला तेवढी सूट देते, वर्गात दिली नसती. मग त्याने त्या वर्णनात सगळ्यांत वर एक ओळ घातली. ती कर्नल वाचत नाही, माणसांसाठी असते. ‘बाईंनी तपासले.’ दोनच शब्द. तुम्ही आत्ता वाचली असेल. — नाही वाचली? तुम्ही मंडळी वरच्या ओळी सोडूनच देता.

तर तेव्हा चौथं दार व्हायचं होतं. खालच्या वाडीतली अकरा मुलं रोज वर यायची, या ओटीवर बसायची, खळ्यात बसायची. दिव्या तर त्या जांभळीच्या बुंध्याला टेकून बसायची, कानांत ते खुंट्यासारखं घालून. मी कोणाला काही शिकवत नव्हते हं — शिकवणारे फोनमध्ये होते — पण तास संपला की माझ्याकडे वह्या यायच्या. खटखटे लाडू मी डब्यात घालून ठेवायची. आवाज असायचा घरात. मग ओंकारने खालच्या वाडीवर डिश लावली, चौथं दार सुरू झालं, आणि सगळी आपापल्या घरी बसून शिकू लागली. तेच तर हवं होतं! त्यासाठीच सगळा खटाटोप. मी स्वतः नारळ फोडला दाराच्या नावाने. — लाडू पुढे महिनाभर पुरले.

तुम्ही विचारत नाही, पण सांगते. माझं कोणी नाही असं नाही. बहीण होती वैभववाडीला. होती. — ते असू द्या. त्याचा या दाराशी संबंध नाही.

पंधरा जूनला सकाळी साडेदहाला वाडीत घंटा व्हायची. तेहतीस वर्षं मी ती ऐकली, त्यातली बरीच वर्षं स्वतः वाजवली. ही समोरची कौलारू इमारत दिसते ना, कुलूप लावलेली? तीच आमची शाळा. ती बंद कशी झाली, ठाऊक आहे? पट कमी पडला. दोन नावांनी कमी पडला. अक्षया आणि मंगेश, भाऊ-बहीण, वडील गोव्याला ट्रॉलरवर गेले आणि मुलांना घेऊन गेले. परशुराम तेव्हा शाळा समितीचा अध्यक्ष होता, आज तुम्हांला ज्या मच्छीमार सोसायटीने पाठवलं तिचा आहे, तोच. या ओटीवर बसून मला म्हणाला, ‘बाई, नावां रवांदेत पटार. दोन नावांनी शाळा रवता तर रवांदे. कोण इचारूक येता?’ मी म्हटलं, परशुराम, मी विचारते, मी पुरेशी नाही का? आणि तांबड्या शाईने दोन्ही नावं कमी केली. खरं तेच लिहिलं. शाळा दुसरीकडे जोडली गेली, मुलं चार किलोमीटर चालत जाऊ लागली, आणि लोक माझ्याशी नमस्कारापुरतं बोलू लागले. तरी मी मान ताठ ठेवून बाजाराला जात होते. आजही तेच लिहीन — नाही. ‘लिहीन’ म्हणायचा मला अधिकार राहिलेला नाही. तेव्हा मी नसलेल्यांची नावं कमी केली होती. यंदा असलेल्याचं केलं.

तर पंधरा जून. साडेदहा वाजले, घंटा नाही, काही नाही, फक्त या पेटीचा तो बारीक गूं-गूं आवाज. मी खुर्चीवर बसले आणि चौथ्या दाराची ओळ उघडली. — मुलं आली. दुसऱ्या दिवशी सहा, तिसऱ्या दिवशी नऊ. ‘बाई, खाली नेट नाय,’ ‘बाई, हयसर बसतंव.’ बसा, म्हटलं, पाय धुऊन बसा. पाचव्या दिवशी मी फळा काढला माळ्यावरून. हसू नका. किंवा हसा. चौदा दिवस चाललं हे. पंधराव्या दिवशी मुलांना कळलं की जेटीच्या टोकाला एका कंपनीची रेंज लागते; तेव्हापासून ती होड्यांत बसून अभ्यास करतात. उरली एकटी खालच्या वाडीतली वेरोनिका. फोन प्लास्टिकात गुंडाळून जेटीवर पावसात बसणं तिला कसं जमणार, आणि तिची लेक लविना मस्कतला परिचारिका. रविवारी मिस्सा आटोपली की लविनाला पडद्यावर पाहणं, हा तिचा नेम. म्हणून ती वर यायची. गुडघे गेलेले, तरी काठी टेकत ही पायऱ्यांची पाखाडी चढायची आणि फाटकातूनच ओरडायची, ‘ओ बाई, त्रेचाळीस पायऱ्यो चढान इलंय, लविनाक मागसून बघतंय, आधी पाणी द्या!’ मग तासभर लविना, आणि लविना गेल्यावर दोन तास आम्ही. म्हणजे ती बोलायची. मी तिच्या चुका काढायची. ‘बाई, माज्या बोलण्यात चुको काढतास, मगे माज्या कढयेत पण काढा,’ म्हणून डबा पुढे करायची. — बांगड्याचं तिखलं. उत्तम असायचं. तसं मी तिला कधी म्हटलं नाही.

श्रावणातल्या तिसऱ्या रविवारी ती एकोणतिसाव्या पायरीवरून पडली. शेवाळ होतं. मनगट मोडलं.

— पाणी नको. बसा तुम्ही.

मी आवाज ऐकला. धावत गेले, तिला उचललं, रिक्षा बोलावली, मालवणला नेलं, प्लास्टर घालेपर्यंत उभी राहिले. यात मी काही कमी केलं नाही. पण रात्री घरी आल्यावर मला ते दार उघडता आलं असतं. एक शब्द बदलायचा होता. मी बदलला का? — नाही. का नाही? कारण ती पडली त्याच दिवशी दार आपोआप सुरू झालं तर कोणीतरी विचारलं असतं. हे माझं कारण. मी ते स्वतःला वाक्यात मांडून दाखवलं, आणि वाक्य निर्दोष होतं. मग वेरोनिका यायची थांबली, आणि तेव्हापासून या ओटीवर कोणी येत नाही. दार बंद, आणि कोणासाठीही नाही.

इथपर्यंत फक्त माझं झालं. आता ज्यासाठी तुम्ही आलात ते. ओंकारला लोकांनी कळवलं, खाली नेट नाही. त्याने मला फोन केला — ‘बाई, वर्णन एकदा ताडून पाहता का? मी इकडून बघितलं असतं, पण तुम्ही पाहिलं की माझं पाहणं झालंच.’ आणि मी म्हटलं — लिहा, शब्दशः लिहा — मी म्हटलं, ‘पाहिलं. जसंच्या तसं आहे.’ त्याने पुन्हा विचारलंसुद्धा नाही. बाईंनी पाहिलं म्हणजे पाहिलं. मग त्याने दोष कुठे शोधला? स्वतःच्या हातात. चतुर्थीला आला तो नवा बोर्ड घेऊन. गणपती घरी बसलेले आणि हा इथे जमिनीवर मांडी घालून. जुना बोर्ड काढला, नवा घातला, आणि त्यात वर्णनाचं कार्ड घातलं जुनंच. माझं. दिवा लागला, नेट नाही. मला म्हणाला, ‘बाई, माझी रचनाच चुकली असणार.’ मी त्याच्यापुढे करंज्यांची ताटली ठेवली. — ताटली ठेवली मी, संचिताबाई.

आणि आता सोसायटी आणखी नऊ वाड्यांत याच पेट्या लावणार होती, त्याच भरवशावर त्याने पुण्याची नोकरी सोडली, आणि रविवारच्या सभेत तुमचा अहवाल वाचला जाणार. तुम्ही ‘बोर्ड सदोष’ असं लिहिलंत की नऊ वाड्या गेल्या आणि त्याच्या कुडाळच्या खोलीला कुलूप. सदोष काय आहे, ते मी तुम्हांला सांगितलं.

आज सकाळी मी आधी वेरोनिकाकडे गेले. क्रमाने जायला हवं. जिला जास्त लागलं तिच्याकडे आधी. ती डाव्या हाताने बांगडे साफ करत होती, उजव्यात अजून जोर नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पाठ केल्यासारखं. तिने सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिचा तो हक्क होता. तिला येतातही चांगल्या. म्हणाली, ‘म्हंजे दार बंद होतां म्हणान मी वर येय होतंय?’ मी म्हटलं, हो. ‘आणि उघडां असतां तर येवचंय नाय, असां वाटलां तुमका?’ मग तिने सुरी परत उचलली आणि बांगड्याकडे बघत म्हणाली, ‘हाक मारुची होती, ओ बाई. हयसर आयकाक येता.’

— येतं. ऐकू जातं तिथपर्यंत. तेहतीस वर्षं वर्गावर तापवलेला आवाज आहे, खाडीपलीकडे जाईल. मला ठाऊक नव्हतं असं नाही.

तिथून जेटीवर. परशुरामला सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, ‘बाई, तुमी? तुमी केलास?’ आणि टोपी काढून परत घातली. मग तिथूनच ओंकारला फोन केला. घरून का नाही? घरी नेट आहे, खरं. पण त्याच्याच पेटीतून त्याला हे सांगायला माझा जीव होईना. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, ‘बरं, बाई.’ — एवढंच. ‘बरं, बाई’नंतर तो नेहमी काहीतरी बोलतो. मी फोन कानाला धरून बराच वेळ उभी राहिले, मग पाहिलं तर तो बंद झालेला.

आता काम करू. तो संगणक माझ्याकडे वळवा — नको, तुम्हीच टंका, त्या ओळीला आता मी हात लावणार नाही. चौथं दार. ‘डिसेबल्ड’ काढा. लिहा, ‘ओके.’ वाचा मोठ्याने. — विचार करू नका, दिसेल ते वाचा. मी बोट ठेवते. हं. पुढे. हं. — बरोबर. आता सगळ्यांत वर जा. ‘बाईंनी तपासले.’ ती ओळ पुसू नका. असू द्या, ती खरी होती. तिच्याखाली लिहा: ‘त्यानंतर पंधरा जूनला बाईंनीच चौथे दार बंद केले व विचारले असता खोटे सांगितले. बोर्ड निर्दोष. वर्णन लिहिणारा निर्दोष.’ हो, ‘खोटे’ हाच शब्द. ‘चुकीची माहिती’ नको; मला भाषा येते. — झालं? द्या आज्ञा. बंद करून चालू करा. चार मिनिटं.

तोवर अहवालाचा शेवट घ्या. असं ठरलं आहे की, पेटी इथून हलवायची आणि सोसायटीच्या जेटीवरच्या खोलीत ठेवायची; टेकडी तिथूनही दिसते. तिची किल्ली परशुरामकडे. हे मी सुचवलं, माझ्यावर कोणी लादलं नाही. परशुरामने मान्य केलं. ओंकारने ‘बरं’ म्हटलं, ते मान्य धरा. तुम्ही? — मान हलवलीत, म्हणजे तुम्हीही. वेरोनिकाला मान्य नाही. म्हणते, ‘पेटी व्हरा खंय ती, पण मगे मी खंय येवचंय?’ तिचा विरोध नोंदवा. नोंदवायचाच असतो. सही मी करते, पूर्ण नावाची.

जागा झाला बघा कर्नल. — पहिलं, दुसरं, तिसरं… चौथं. आलं. हजर.

बरं, आता तुम्ही निघा, सावंतवाडी लांब आहे. पाखाडी जपून उतरा, खालून एकोणतिसावी पायरी निसटती आहे. आणि फाटक नुसतं ओढून घ्या, कडी लावू नका. ती कडी एका हाताने निघत नाही. — नाही, येईन असं काही ती म्हणाली नाही. तुम्ही निघा.